ऐकणारा कान

संज्ञापनाचा विषय निघाला, की आकाशवाणी, दूरध्वनी, उपग्रह यांची नामावळी आपण मोठ्या अभिमानाने वाचतो. परंतु बोलणाऱ्याच्या समोर ऐकणारा कानच नसेल, तर या साऱ्या खटाटोपास संवाद म्हणावे काय? तेलंगणातील आदिलाबादच्या गोंडांचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

गोंडांपाशी अभिव्यक्तीच्या साधनांचे दारिद्र्य कधीच नव्हते. परधान भाट किंगरीच्या सुरावर कुळकथा गात आले. दिवाळीच्या सुमारास मोरपिसांचे मुकुट ल्यालेले गुस्साडी नर्तक एका गावाहून दुसऱ्या गावी जातात आणि नाचता नाचता सोयरिकीही जुळतात. गुंजाला गावी तर गोंडीच्या स्वतंत्र लिपीतील हस्तलिखिते सापडली. 2018 साली त्या लिपीस युनिकोडमध्ये स्थानही मिळाले.

उणीव होती ती ऐकणाऱ्याची. निजामी अमलात जमीन आणि जंगल हातचे गेले, दाद लागेना, तेव्हा कोमरम भीम उभा ठाकला आणि 1940 मध्ये जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला. मग सरकारने हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञास धाडले. हा ऑस्ट्रियन गृहस्थ आधी गोंडी शिकला! त्याच्या प्रयत्नांतून मारलवाई येथे गोंड शिक्षक तयार होऊ लागले, गोंडीची वाचनपुस्तके निघाली, आणि तीही देवनागरीत, कारण तेथील गोंडांना मराठी परिचयाची होती. केसलापूरच्या नागोबा जत्रेत अधिकाऱ्यांनी बसून गाऱ्हाणी ऐकण्याचा दरबार सुरू झाला, तोही त्याच काळात.

1956 च्या भाषावार पुनर्रचनेत किनवट व राजुरा मराठी मुलखात आले, उरलेला जिल्हा आंध्रात गेला. मराठीचा विचार झाला, तेलुगूचा झाला. दोहोंकडे विभागल्या गेलेल्या गोंडीचा कोणी केला? 1684 च्या फर्मानाने कोकणीवर बंदी घालणारी पोर्तुगीज राजवट ज्यांच्या पूर्वजांनी सोसली, त्या गोमंतकीयांस या प्रश्नाचे मर्म वेगळे सांगावयास नको.

20 एप्रिल 1981 रोजी जमिनीच्याच प्रश्नावर इंद्रवेल्ली येथे गोंडांची सभा व्हावयाची होती. परवानगी नाकारल्याची वार्ता रानावनातून पायी निघालेल्या अनेकांपर्यंत पोहोचलीच नाही. पोहोचल्या त्या पोलिसांच्या गोळ्या. सरकारी हिशेबात मृत 13. गोंडांच्या तोंडी असलेला आकडा याहून पुष्कळ मोठा. स्मृतिस्तंभापाशी 20 एप्रिलला जमण्यासही पुढे अनेक वर्षे मनाई असे.