उद्योगपतींची चरित्रे कशी वाचावीत?



आजच्या विषयाची जाहिरात वाचून काहींना वाटले असेल, की कामगार संघटनेतला माणूस उभा राहिला म्हणजे आता तासभर भांडवलदारांचा उद्धार ऐकावा लागणार. तसे काही होणार नाही. शिव्या देण्यासाठी वाचावे लागत नाही, आणि आम्हांला आज वाचण्याविषयीच बोलायचे आहे. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत, दिवाळी अंकांत, सत्कारसमारंभांच्या स्मरणिकांत आणि आता मोबाईलच्या पडद्यावर कारखानदारांची, कंपन्यांच्या संस्थापकांची चरित्रे रोज येतात. त्यांवर विश्वास किती ठेवावा आणि कशाच्या आधारे ठेवावा, एवढाच आमचा प्रश्न आहे.

हा प्रश्न आम्हांला पुस्तकातून सुचलेला नाही. फटका बसला म्हणून सुचला. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात दोन महिन्यांचे पगार थकले. मालकांवर नुकताच एका अंकात लेख आला होता. कंदिलाच्या उजेडात केलेला अभ्यास, आईचे दागिने गहाण ठेवून घेतलेले पहिले यंत्र, आणि शेवटी ‘कामगार हेच माझे कुटुंब’. फाटकावरच्या सभेत आम्हीच तो लेख दाखवून म्हणालो, ‘हा माणूस खालून वर आलेला आहे, थोडा वेळ द्या.’ लोकांनी वेळ दिला. पुढे एक जण मुलीच्या लग्नासाठी फंडातून पैसे काढायला गेला, तेव्हा कळले की पगारातून फंड कापला जात होता. पण अकरा महिने तो भरलाच गेला नव्हता. त्या माणसाने आम्हांला एकच विचारले : ‘तुम्ही वाचून सांगितलं होतं ना?’

आता यातली मौज पाहा. तो लेख खोटा नव्हता. कंदील खरा होता, दागिनेही खरे होते. आम्हांला जे जाणून घ्यायला हवे होते त्याचे उत्तर मात्र त्या लेखात नव्हते, आणि ते आहे असे आम्ही धरून चाललो. म्हणून पहिला धडा असा : चरित्र खरे की खोटे, हे नंतर विचारावे; ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते, हे आधी विचारावे. गरिबीतून वर आल्याने माणूस कष्टाळू आहे हे फार तर कळते. तो देणी वेळेवर देतो की नाही, हे कळत नाही. शिवाय दागिने गहाण ठेवून बुडालेले लोक पुष्कळ असतात; त्यांच्यावर कोणी लेख लिहीत नाही. तेव्हा ‘धाडस केले म्हणून यश आले’ हा निष्कर्षही जपूनच काढावा.

वाचताना हातात पेन्सिल घ्यावी आणि वाक्यांचे तीन ढीग करावेत. पहिल्यात, जी कागदावर पडताळता येतात ती : कंपनी कोणत्या साली निघाली, भांडवल कोणाचे, कामगार किती, कर्ज किती. दुसऱ्यात, जी फक्त चरित्रनायकालाच ठाऊक असतात ती : त्या रात्री मनात काय आले, वडील काय म्हणाले. तिसऱ्यात नुसती विशेषणे : द्रष्टे, दानशूर, कर्मयोगी. पुष्कळशा चरित्रांत पहिला ढीग मूठभर निघतो आणि बाकीचे दोन टोपलीभर. एवढ्यावरून कोणी लबाड ठरत नाही. पण आपल्या पदरात माहिती किती पडली, हे मात्र कळते.

परंतु कागदावर आहे म्हणजे खरे आहे, असेही समजू नये. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्सचे उदाहरण यासाठी फार उपयोगी आहे. रामलिंग राजू यांनी ही कंपनी १९८७ साली काढली. २००७ साली त्यांना नामांकित उद्योजक-पुरस्कार मिळाला, आणि २००८ साली कंपनीला उत्तम कारभाराबद्दल ‘गोल्डन पीकॉक’ पुरस्कार मिळाला. ७ जानेवारी २००९ रोजी राजूंनी स्वतःच पत्र लिहून कबूल केले, की बँकेत दाखवलेल्या रकमेपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. सप्टेंबर २००८ च्या तिमाहीत व्यवहारातला नफा ६४९ कोटी दाखवला होता. खरा ६१ कोटी होता. आपण वाघावर स्वार झालो होतो, उतरावे कसे हे कळत नव्हते, अशा आशयाचे वाक्य त्या पत्रात आहे. २०१५ साली न्यायालयाने त्यांना सात वर्षांची शिक्षा सुनावली.

येथे ताळेबंद होता, हिशेबतपासनिसांची सही होती, पुरस्कारही होते. मग सामान्य वाचकाने काय पाहावे? कागद कोणाच्या हातून आला, हे पाहावे. कंपनीने सांगितलेली शिल्लक ही कंपनीची साक्ष. बँकेने परभारे कळवलेली शिल्लक ही तिऱ्हाइताची साक्ष. पुरस्कार देणारा जर कंपनीच्याच कागदांवर विसंबला असेल, तर पुरस्कार ही नवी साक्ष नव्हे, जुन्याच साक्षीचा प्रतिध्वनी होय. दुसरे, पैसा कोणीकडे वाहतो ते पाहावे. डिसेंबर २००८ मध्ये सत्यमच्या संचालक मंडळाने राजूंच्या कुटुंबियांशी संबंध असलेल्या दोन कंपन्या सुमारे १६० कोटी डॉलर देऊन विकत घेण्याचे ठरवले. भागधारकांनी ओरड करताच काही तासांत बेत रद्द झाला. कबुलीच्या आधी तीन आठवडे हा दिवा पेटलेला होता. आणि हेही सांगितले पाहिजे, की १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका-सेवा राजूंच्याच पुढाकाराने २००५ साली आंध्रात सुरू झाली, आणि तिने माणसे वाचवली. चांगले काम खरे असते आणि हिशेब खोटा असतो. एकाने दुसऱ्याचा जमाखर्च मिटत नाही.

दुसरे उदाहरण अमेरिकेतले. एलिझाबेथ होम्स या मुलीने एकोणिसाव्या वर्षी, २००३ साली, विद्यापीठ सोडून थेरानोस नावाची कंपनी काढली. बोटातून काढलेल्या थेंबभर रक्तावर अनेक तपासण्या होतील, असे तिचे म्हणणे होते. २०१४ साली ‘फॉर्च्युन’ मासिकाच्या मुखपृष्ठावर ती झळकली. ‘फोर्ब्स’ने तिची संपत्ती साडेचार अब्ज डॉलर मांडली, आणि जून २०१६ मध्ये तीच शून्यावर आणली. जानेवारी २०२२ मध्ये गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल ती दोषी ठरली आणि तिला अकरा वर्षांहून अधिक शिक्षा झाली. तिच्या संचालक मंडळावर हेन्री किसिंजर आणि जॉर्ज शुल्ट्झ यांच्यासारखे माजी परराष्ट्रमंत्री होते. नावे केवढी मोठी! पण रक्ततपासणीतले त्यांना काय कळणार होते? मोठ्या नावाची साक्ष त्याच्या विषयापुरतीच धरावी. यंत्र चालत नाही, हे आधी कोणाला कळले? प्रयोगशाळेत काम करणाऱ्या तरुण नोकरांना. ते बोलले, आणि ‘वॉल स्ट्रीट जर्नल’च्या जॉन कॅरेरू या बातमीदाराने त्यांचे ऐकून घेतले, तेव्हा ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रकरण बाहेर आले. जो यंत्रावर उभा असतो त्याला पहिल्यांदा कळते, हे आम्ही गिरणगावात शिकलो, कॅलिफोर्नियातही तेच.

म्हणून चरित्रात कोण बोलत नाही, ते पहावे. पत्नी बोलते, भागीदार बोलतो, पुरवठादारही बोलतो. पण नोकरी सोडून गेलेला कामगार बोलतो का? आणि क्रियापदांकडे लक्ष द्यावे. मुंबईच्या गिरणीमालकांनी कामगारांना ‘रविवारची सुट्टी दिली’, असे कोणी लिहिले तर ते खोटे नाही. १० जून १८९० रोजी मालकांच्या संघटनेने ती मान्य केली. पण त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांची वर्षानुवर्षांची सभा, अर्ज आणि सह्यांची खटपट होती. ‘दिली’ या एका क्रियापदात ती सारी माणसे नाहीशी होतात. उलट, जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात १९१२ सालीच आठ तासांचा दिवस सुरू झाला, ही मालकांच्या बाजूची खरी आणि गौरवाची गोष्ट आहे. ती आम्ही नाकारू नये. त्याच कारखान्यात १९२० आणि १९२८ साली मोठे संप झाले, हे मालकांच्या चरित्रकारानेही गाळू नये.

आता साधनांविषयी थोडे. ताळेबंद वाचायला आम्ही कोणत्याही महाविद्यालयात शिकलो नाही. अडले म्हणून शिकलो, तेव्हा तुम्हांलाही जमेल. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा वार्षिक अहवाल फुकट मिळतो. तो शेवटाकडून वाचावा : आधी हिशेबतपासनिसांचा अभिप्राय, मग टिपा, मग नातेवाइकांच्या कंपन्यांशी झालेले व्यवहार, आणि अध्यक्षांचे हसरे छायाचित्र सर्वांत शेवटी. नफा वाढतो आहे आणि रोकड मात्र येत नाही, असे दिसले तर थांबावे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार अशा कंपनीला प्रत्येक संचालकाचा मोबदला मधल्या कर्मचाऱ्याच्या पगाराच्या किती पट आहे, हे जाहीर करावे लागते. मधला म्हणजे ज्याच्याहून निम्म्यांना कमी आणि निम्म्यांना जास्त मिळते तो. ‘कामगार हेच कुटुंब’ या वाक्याशेजारी हा आकडा लिहून ठेवावा. लहान कंपनीचे कागद सरकारी नोंदणीखात्यात थोडी फी भरून पाहता येतात. आणि भविष्यनिर्वाह निधीच्या संकेतस्थळावर कारखान्याचे नाव घातले, की कोणत्या महिन्याची रक्कम कधी भरली आणि किती कामगारांची, ते दिसते. आम्ही त्या वेळी हे पाच मिनिटांचे काम केले असते, तर फाटकावरची आमची जीभ आवरली असती.

लेख कोणाच्या पैशाने छापला, हेही पाहावे. काही वृत्तपत्रसंस्था जाहिरातीच्या बदल्यात कंपन्यांचे भाग घेत होत्या. असे संबंध वाचकाला सांगावेत, असा आग्रह सेबी आणि प्रेस कौन्सिल यांना २०१० च्या सुमारास धरावा लागला. कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ छापलेले असते; चष्मा पुसून तो कोपरा आधी वाचावा.

शेवटी आमच्या घरचे. कामगारपुढाऱ्यांचीही गौरवग्रंथी चरित्रे निघतात. ‘झुंजार’, ‘लढवय्या’ ही आमची विशेषणे. तेथेही हीच पेन्सिल चालवा : संघटनेचा हिशेब दरवर्षी सभासदांपुढे मांडला का? संप मागे घेताना सभासदांना विचारले का? जो दुसऱ्याचा ताळेबंद मागतो त्याने आपला खिशात ठेवू नये.

संशय घेणे हा आमचा धर्म नव्हे. चांगले कारखानदार असतात, आणि पडताळून पाहिल्याने त्यांचे काहीच बिघडत नाही. उलट त्यांची खरी किंमत तेव्हाच कळते. बाजारात मडके घेताना आपण ते बोटाने वाजवून घेतो. कुंभाराला त्याचा राग येत नाही. मग ज्याच्या शब्दावर शेकडो घरांच्या चुली अवलंबून असतात, त्याचे चरित्र न वाजवता का घ्यावे? त्या फंडाचे पैसे पुढे हप्त्याहप्त्याने वसूल झाले. पण मुलीचे लग्न सावकाराच्या पैशाने झाले होते. त्याचे व्याज कोणत्याही ताळेबंदात नाही. ते आमच्या खाती आहे, असे आम्ही समजतो.