पेडणे-डिचोलीचे तालवादक : चाकरी आणि व्यवसाय

कोजागिरीला पेडण्याच्या पुनवेस तरंगे निघतात, शिगम्यात साळ गावी गड्यांच्या रात्री जागतात, डिचोली-सत्तरीकडे घोडेमोडणीचे स्वार कमरेला लाकडी घोडे बांधून, हाती तलवार घेऊन पावले टाकतात. या उत्सवांची वर्णने दरवर्षी वर्तमानपत्रांत येतात, छायाचित्रेही येतात. परंतु ज्याच्या काठीवाचून यातले एक पाऊल पडत नाही, त्या ढोल-ताशा वाजविणाऱ्याचे नाव सहसा कोठे आढळत नाही. हा मनुष्य शिकला कोणापाशी, त्याला मिळत काय होते, पावसाळ्यात त्याची चूल कशावर पेटत होती, आणि त्याच्या मुलाने ते वाद्य हाती धरले की खाली ठेवले, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आरंभी वाद्यांच्या नावांकडे पाहू. मृदंग हा शब्द संस्कृतातला. नगारा म्हणजे अरबीतला ‘नक्कारा’, नौबत हा शब्दही अरबीच. तबल्याचे मूळ ‘तब्ल’ म्हणजे नगाऱ्यासारखे चर्मवाद्य. ताशा फारसीतून आला. फौजा आणि दरबार यांच्याबरोबर आलेले हे शब्द देवळाच्या दारी स्थिरावले आणि घरचेच झाले. जो ताशा अनेक ठिकाणी मोहरमच्या ताबुतापुढे वाजतो, तोच शिगम्यातही वाजतो. घुमटाचे तसेच आहे. चतुर्थीच्या आरतीत ते वाजते आणि ख्रिस्ती घरातल्या मांडो-दुलपदालाही तेच साथ करते. वाद्याला असा सर्वत्र प्रवेश मिळाला. वाजविणाऱ्याला मात्र तो तितक्या सहजपणे मिळाला नाही.

पेडणे व डिचोली हे महाल ‘नव्या काबिजादी’त मोडतात. डिचोली अठराव्या शतकाच्या नवव्या दशकात आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीज अमलाखाली आले. जुन्या काबिजादीत सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली. तो काळ येथे मागे पडला होता आणि नव्या प्रजेच्या धर्मात व रूढीत हात घालावयाचा नाही, असे राज्यकर्त्यांचे धोरण होते. त्यामुळे देवस्थाने, त्यांचे उत्सव आणि त्यांच्याशी बांधलेली वाजपाची सेवा या भागात टिकली. सेवा टिकली तशी तिच्यातली उच्चनीचताही टिकली.

ती उच्चनीचता समजून घेण्यास देवळाचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा. सभामंडपात कीर्तन, भजन आणि कलावंतिणींचे गाणे. तेथे पखवाज व तबला. प्रवेशद्वारावर नगारखाना, तेथे सनई, सूर, नगारा, झांज यांसह वाजंत्री आपापल्या ठरलेल्या वेळी चौघडा वाजवीत. आणि बाहेर, मांडावर, होळीपाशी, पालखीच्या पुढे ढोल. कित्येक गावांत तो वाजविण्याचे काम महार समाजाकडे होते. म्हणजे गाभाऱ्यापासून अंतर वाढत जाई तसा वादकाचा दर्जा खाली येई. उत्सवाची सुरुवात मात्र बहुधा बाहेरच्याच ढोलाने होई. ज्याच्या हाताने देव जागा व्हावा त्यानेच उंबरठ्याबाहेर थांबावे, ही विसंगती पिढ्यान्पिढ्या कोणाला खटकली नाही. निदान खटकल्याचे कोणी बोलून दाखविले नाही.

मोबदल्याचे स्वरूपही तसेच होते. देवस्थानाकडून सेवेकऱ्यांना जमीन कसावयास मिळे, सुगीला भाताचा वाटा मिळे, उत्सवात नारळ, प्रसाद, क्वचित वस्त्र मिळे. रोख पैसा थोडा. पोर्तुगीज सरकारने १८८६ मध्ये आणि पुन्हा १९३३ मध्ये देवस्थानांसाठी नियमावली केली, व्यवस्थापन महाजनांच्या हाती होते, आणि सेवेकरी त्यांच्या अधीन होते. या व्यवस्थेचा एक गुण मान्य केला पाहिजे. वादकाचे घर उपाशी राहत नसे आणि मुलगा बापाच्या मांडीवर बसून ताल शिके. परंतु ही सेवा नाकारण्याची मुभा त्याला नव्हती. अंगात ताप असो वा घरात सुतक नुकतेच फिटलेले असो, पालखी निघाली की त्याने ढोल गळ्यात घालावयाचा. ज्याला ‘आज येणार नाही’ असे म्हणता येत नाही त्याच्या कामाला चाकरी म्हणतात. व्यवसायात मनुष्य आपली वेळ आणि आपले मोल स्वतः सांगतो. या लेखात मला जे सांगावयाचे आहे ते या भेदाभोवतीच फिरते.

वादकाचे वर्ष पाहिले म्हणजे कामाचा भार ध्यानात येतो. श्रावणात भजनी सप्ताह, भाद्रपदात घुमट-आरत्या, आश्विनात नवरात्र, दसरा आणि पुनव. कार्तिकापासून जत्रा आणि दहीकाले सुरू होतात, ते थेट शिमग्याच्याही पुढे चालतात. फाल्गुनात शिगमो, वैशाखात शिरगावच्या लईराईची जत्रा आणि लग्नसराई. मग मिरग लागतो आणि सारे थंडावते. पावसाळी हवेत कातडे सैल पडते, आवाज बसतो. ताशा विस्तवावर शेकून घ्यावा लागतो, ढोलाच्या दोऱ्या पुन्हा ताणाव्या लागतात. हे दिवस शेतीचे, बांबूच्या कामाचे आणि उसनवारीचे. आठ महिने रात्री जागवायच्या आणि चार महिने हात राखून बसायचे, असा हा हिशेब. खांद्याला पडलेला वळ आणि वयोमानाआधी मंद झालेले कान यांची नोंद त्यात कोणी धरली नाही.

या चाकरीतून व्यवसायाकडे जाणाऱ्या दोन वाटा होत्या. पहिली वाट दशावताराची. पेडणे महाल सावंतवाडी-वेंगुर्ल्याला लागून असल्याने दशावतारी मंडळ्यांचा राबता येथे फार. या खेळाला लिखित संहिता नसते. कथानक ठरलेले, संवाद मात्र पात्रांनी आयत्या वेळी बोलावयाचे. साथीला पायपेटी, झांज आणि मृदंग. संकासुराचा प्रवेश कोणत्या चालीने, राजाची एंट्री कोणत्या ठेक्यात, युद्धाची लय कोठे चढवायची आणि नट शब्दांत अडखळला तर ती पोकळी किती मात्रांनी भरून काढायची, हे सारे मृदंगवाला पाहतो. मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणीक लावून तो रात्रभर आवाज राखतो. असा हात असलेल्या वादकाला मंडळीचा मालक धरून ठेवतो, दुसरा मालक अधिक बिदागी देऊन बोलावतो. येथे वादकाला प्रथमच निवड आली. मंडळी सोडण्याचा हक्क आला की मोल आपोआप वाढते.

दुसरी वाट तबल्याची, आणि ती मुंबईला जाते. हिच्यातली ठळक नावे पेडणे-डिचोलीची नसून फोंडा व केपे या बाजूंची आहेत; तरी उदाहरण म्हणून ती सर्व गोमंतकाला उपयोगी आहेत. कलावंत घराण्यांत गाणे बहिणीचे आणि साथ भावाची, असा क्रम असे. घर मातेच्या वंशाने चाले, तेव्हा मुलांच्या दृष्टीने घरातला वडीलधारा पुरुष म्हणजे मामा. गोव्याच्या कित्येक थोर वादकांच्या नावापुढे ‘मामा’ लागतो त्याचे मूळ यात दिसते. खाप्रुमामा पर्वतकर हे त्यांतले सर्वांत मोठे नाव. हात, पाय आणि मुख यांनी एकाच वेळी निरनिराळे ताल व लयी दाखविण्याच्या त्यांच्या सामर्थ्यामुळे ‘लयभास्कर’ ही पदवी त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली. १९५३ मध्ये ते निवर्तले. नागेशीचे पंढरीनाथ नागेशकर (१९१३–२००८) यांनी मुंबईत फरुखाबाद परंपरेचे उस्ताद अमीर हुसेन खाँ यांच्याकडे तालीम घेतली. पुढे नागेशकरांकडे आणि विनायकराव घांग्रेकरांकडे सुरेश तळवलकर शिकले. उत्तरेकडच्या एका मुसलमान उस्तादाची विद्या गोव्याच्या देवळाच्या अंगणात वाढलेल्या शिष्याने घेतली आणि ती महाराष्ट्रातल्या शिष्याला दिली. गुरूने शिष्याचा हात पाहिला आणि रियाज पाहिला. जातीची चौकशी या व्यवहारात मागे पडली.

हे सर्व तबला-मृदंगाच्या वाट्याला आले, ढोलाच्या वाट्याला आले नाही. याचे कारण ढोल सोपा हे नव्हे. घोडेमोडणीचा ठेका हळूहळू चढवून सबंध मेळाची पावले एका जागी आणणे हे मोठ्या कसबाचे काम आहे. कारण असे की तबलजीला गाव सोडून जाता आले. ढोलवाल्याचा ढोल गावच्या मांडाशी आणि त्याच्या जातीशी बांधलेला राहिला.

म्हणून काही घरांनी ढोल खाली ठेवला तेव्हा ‘कला बुडाली’ असा हाकारा करण्यापूर्वी थोडे थांबावे. महाराष्ट्रात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी परंपरेने लादलेली गावकीची कामे सोडण्याचा उपदेश केला; १९२८ मध्ये महार वतनासंबंधी विधेयकही मांडले. मान गहाण ठेवून मिळणारा भाकरीचा तुकडा नको, हा त्यामागचा विचार होता. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि भारतीय राज्यघटना येथे लागू झाली. तिचे १७ वे कलम अस्पृश्यता नष्ट करते आणि २३ वे कलम वेठबिगारीस मनाई करते. ज्या मुलाने पाटी-पुस्तकासाठी काठी टाकली त्याने काही गैर केले असे कोणाही शिक्षकाला म्हणवणार नाही. कलेची हानी झाली हे खरे. परंतु ती भरून काढावयाची तर मान आणि मोबदला देऊन, जुना हुकूम पुन्हा चालवून नव्हे.

आज चित्र पालटले आहे. शिगम्याच्या मिरवणुकांत रोमटामेळांच्या स्पर्धा होतात, बक्षिसे लागतात आणि सर्व जातींची मुले, मुलीसुद्धा, हौसेने ढोल वाजवितात. हे चांगलेच झाले. गोवा सरकारने २०१९ मध्ये घुमटाला राज्याच्या वारसा-वाद्याचा दर्जा दिला. पूर्वी त्यावर घोरपडीचे कातडे ताणीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीस संरक्षण मिळाल्यावर बकऱ्याचे कातडे आले, आणि नाद थोडा पालटला तरी वाद्य जगले. घुमटाचे मडके घडविणारा कुंभार, कातडे ताणणारा कारागीर आणि वाजविणारा, अशी तीन घरे या एका वाद्यावर अवलंबून असतात. डिचोलीची कुंभारकला प्रसिद्ध आहे, तेव्हा हे या भागाला वेगळे सांगावयास नको. तबला शिकणाऱ्यास गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद, अलंकार अशी पदवी मिळते आणि ती दाखवून शिक्षकाची नोकरीही मिळू शकते. जन्मभर ढोल-ताशा वाजविलेल्या हाताला दाखविण्यास असा कागद सहसा नसतो. स्पर्धेत बक्षीस मेळाला मिळते, आणि मेळाला ठेका शिकविणारा म्हातारा प्रेक्षकांत उभा असतो.

महोत्सवाच्या निमित्ताने स्मरणिकेत सूचना करणे हा लेखकाचा हक्क समजला जातो. तो मी बजावतो. आपल्या न्यासाने पुढील वर्षभरात पेडणे व डिचोली तालुक्यांत गावोगाव हिंडून हयात वादकांची नावे, वाद्य, गुरू आणि त्यांना येत असलेले ठेके यांची वही करावी, व शक्य तेथे ध्वनिमुद्रण करावे. न्यासाच्या प्रत्येक कार्यक्रमाच्या पत्रिकेत गायकाप्रमाणे साथीदाराचे व ढोलवाल्याचे नाव छापावे आणि बिदागी आधी ठरवून त्याच दिवशी द्यावी. कला व संस्कृती संचालनालयाकडून वृद्ध कलावंतांना मानधन मिळते. त्यासाठीचा अर्ज भरून देण्यास गावातल्या एखाद्या शिक्षकाने बसावे. आणि शिष्यवृत्ती देताना वादकाच्या मुलाला ‘तू वाजवितोस का?’ ही अट घालू नये. त्याला डॉक्टर व्हावयाचे असेल तर डॉक्टर होऊ द्यावे. शिकून-सवरून, आपखुशीने तो पुन्हा बापाचा ढोल उचलील तर तो खरा व्यावसायिक वादक. न उचलील तर बापाचे ठेके आपल्या वहीत असतील, आणि ते शिकावयास दुसरे कोणाचे तरी मूल पुढे येईल.