जिलेबी खाल्ली? आता म्युझियम गाठा!

सकाळी झेंडावंदन आटोपलं, गरमागरम जिलेबी फस्त झाली आणि घड्याळात वाजलेत फक्त दहा. अख्खी सुट्टी हातात! मग चला, कॅलेंडरवरच्या लाल तारखा काचेमागे बघायला.

१५ ऑगस्ट १९४७ ला फडकलेला तिरंगा आजही बघता येतो, माहीत आहे का? चेन्नईच्या फोर्ट सेंट जॉर्ज म्युझियममध्ये! त्या पहाटे याच किल्ल्यावर चढवलेला हा झेंडा शुद्ध रेशमाचा, १२ फूट बाय ८ फूट. लोकांना तो दाखवायला सुरुवात झाली तीही मुहूर्तावर, २६ जानेवारी २०१३ ला. रेशमाला दमट हवा सोसत नाही आणि समुद्र तर हाकेच्या अंतरावर. म्हणून हा झेंडा आता वाऱ्यावर नाही, बंद पेटीत!

वाऱ्यावरून आठवलं, आपल्या संविधानालाही हवा लागू देत नाहीत! मूळ प्रत संसदेच्या ग्रंथालयात सीलबंद पेटीत आहे, आत निष्क्रिय वायू. ती टाइप केलेली नाही बरं का. इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी हाताने, टाक-शाईने लिहिली. मानधन किती मागितलं असेल? शून्य! अट एकच, प्रत्येक पानावर माझं नाव हवं. असा सौदा पुन्हा होणे नाही.

पानं सजवली नंदलाल बोस आणि त्यांच्या शांतिनिकेतनच्या चमूने. आता भाग १५ उघडा, विषय निवडणुका. रुक्ष कलमं, आणि त्याच पानावर कोण? छत्रपती शिवाजी महाराज, सोबत गुरू गोविंदसिंग! मूळ प्रतीची स्कॅन केलेली पानं इंटरनेटवर फुकट आहेत. २६ नोव्हेंबरला, म्हणजे संविधान दिनाला, मुलांना ती द्या आणि म्हणा, शोधा महाराज कुठे आहेत! पाठांतरापेक्षा हा खेळ मला शंभर पटींनी आवडतो.

पण प्रजासत्ताक दिन २६ जानेवारीलाच का, माहीत आहे का? १९३० मध्ये याच तारखेला देशभर पूर्ण स्वराज्याची शपथ घेतली गेली होती. संविधान स्वीकारलं २६ नोव्हेंबर १९४९ ला, अंमल मात्र त्या जुन्या तारखेसाठी दोन महिने थांबला!

आता पुण्यात, आणि जरा हळू आवाजात. आगाखान पॅलेस. ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजींना इथे आणून ठेवलं, सोबत त्यांचे सचिव महादेवभाई देसाई. आठवडाही पुरता झाला नव्हता तोच महादेवभाई गेले. तारीख? १५ ऑगस्ट! बरोबर पाच वर्षांनी त्याच दिवशी देश स्वतंत्र झाला. २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबाही इथेच गेल्या. दोघांच्या समाध्या आवारातच आहेत. पुणेकरहो, पुढच्या १५ ऑगस्टला मुलांना तिथे न्या. एवढी एक तारीख सांगितली तरी पुरे.

२ ऑक्टोबर? मुंबईत गावदेवीचं मणिभवन! १९१७ ते १९३४ हा गांधीजींचा मुंबईतला पत्ता. दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत चरखे, बुटकं मेज, गादी. बाकी फर्निचर जवळपास निरंक. गांधीजींनी हिटलरला लिहिलेल्या पत्राची प्रतही बघा. मायना कुणाला? ‘मित्रा’ला!

१ मे. एक सुट्टी, दोन बर्थडे! १९६० मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात एकाच दिवशी जन्मले. केक नको, दादरला शिवाजी पार्कवरचं संयुक्त महाराष्ट्र लढ्याचं दालन बघून या.

आणि सातासमुद्रापार? वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्हजबाहेर ४ जुलैला स्वातंत्र्याचा जाहीरनामा मोठ्याने वाचतात. ब्रिटिश राजाविरुद्धची एकेक तक्रार आली की पब्लिक जोरात हुर्यो उडवतं! असं जिवंत वाचन आपल्याकडे चौकाचौकात व्हायला हवं, मी पहिल्या रांगेत असेन.

एक टिप: काही म्युझियम्स राष्ट्रीय सुट्टीलाच बंद असतात, सोमवारी तर बरीच. वेळ बघून निघा.

आणि म्युझियमच तुमच्याकडे आलं तर? येतं की! मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाची ‘म्युझियम ऑन व्हील्स’ बस २०१५ पासून शाळाशाळांत फिरते. तेव्हा पालकहो, मुख्याध्यापकांना आजच गाठा, एकच मागणी: ‘बस’ हवी!