खुब्याचे दुखणे

‘कंबर दुखते’ असे आपण सहज म्हणतो. परंतु या दोन शब्दांखाली अनेक निराळी दुखणी दडलेली असतात. त्यांपैकी खुब्याचे दुखणे पुष्कळदा उशिरा ओळखले जाते. मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असून ते कंबरेच्या हाडातील खोलगट वाटीत बसते. यालाच उखळीचा सांधा म्हणतात. हा सांधा जाड स्नायूंच्या आत खोल असल्यामुळे गुडघ्याप्रमाणे त्याची सूज डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून वेदना नेमकी कोठे होते, हे आधी पाहावे. सांधा बिघडला असेल तर दुखणे बहुधा जांघेत जाणवते. मांडी घालून बसणे किंवा उकिडवे बसणे अवघड होते. खुब्याच्या बाहेरील बाजूस दुखत असेल आणि त्या कुशीवर झोपवत नसेल, तर दोष बहुधा तेथील स्नायूबंधांत असतो. कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत कळ जात असेल, तर पाठीच्या कण्याकडे संशय जातो. कधीकधी खुबा बिघडतो आणि दुखतो मात्र गुडघा, कारण दोहोंना काही मज्जातंतू सामाईक आहेत. लंगडणारे मूल गुडघा दाखवत असले, तरी त्याचा खुबाही तपासून घेतला पाहिजे.

आपण चालताना प्रत्येक पावलाला क्षणभर एकाच पायावर उभे असतो. त्या वेळी शरीर दुसऱ्या बाजूस कलू नये म्हणून खुब्याबाहेरील स्नायू जोराने ओढ धरतात. तराजूच्या आखूड बाजूस जास्त वजन टाकावे लागते, तसाच हा प्रकार होय. परिणामी सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच ते तीन पट भार पडतो. ६० किलो वजनाच्या माणसाच्या खुब्यावर १५० ते १८० किलो! वजन थोडे उतरले तरी आराम का पडतो, हे यावरून कळेल. काठी दुखऱ्या बाजूच्या नव्हे, तर विरुद्ध बाजूच्या हातात धरावी, म्हणजे त्या स्नायूंचे काम हलके होते. पुष्कळ लोक नेमके उलट करतात.

उतारवयात सांध्यातील कूर्चा झिजते. तरुणपणी खुबा दुखू लागला तर मात्र वेगळी शंका घ्यावी. दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड औषधे, अतिमद्यपान किंवा सिकलसेलचा आजार यांमुळे हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो भाग मृत होतो. सिकलसेल गडचिरोली, नंदुरबार यांसारख्या जिल्ह्यांत आढळतो. या विकाराच्या प्रारंभी साधे क्ष-किरण चित्र निर्दोष दिसू शकते. एमआरआय तपासणीत तो लवकर कळतो. सांधेदुखीवरच्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते, तेव्हा त्या घेऊ नयेत. डॉक्टरांनी दिलेले स्टेरॉइड मात्र आपल्या मनाने एकाएकी बंद करू नये. दुखण्याबरोबर ताप येत असेल किंवा वजन घटत असेल, तर क्षयरोगाचीही तपासणी व्हावी.

वृद्ध व्यक्ती पडली आणि तिचा पाय आखूड व बाहेर वळलेला दिसला, तर खुब्याचे हाड मोडले आहे असे समजावे. मालिश करू नये, उभे करण्याचा प्रयत्न करू नये; रुग्णालयात न्यावे. शस्त्रक्रिया शक्यतो एक-दोन दिवसांत व्हावी लागते, कारण अंथरुणाला खिळलेल्या वृद्धास शय्याव्रण आणि फुप्फुसांचा संसर्ग लवकर गाठतो.

झिजेच्या दुखण्यावर पहिला उपचार म्हणजे स्नायू बळकट करणारा नियमित व्यायाम. वेदनाशामक गोळ्या थोडे दिवस ठीक. दीर्घकाळ घेतल्यास मूत्रपिंडांना व जठराला अपाय होतो. एवढ्याने भागले नाही आणि रात्रीची झोपही उडाली, तर कृत्रिम सांधा बसवण्याचा विचार करतात. इंग्लंडमधील शल्यविशारद जॉन चार्नली यांनी १९६२ साली धातूचा गोळा आणि टणक प्लॅस्टिकची वाटी वापरून ही शस्त्रक्रिया यशस्वी करून दाखवली. आज असे सांधे बहुतेकांना १५ ते २० वर्षे, पुष्कळदा त्याहूनही अधिक काळ साथ देतात. शस्त्रक्रियेनंतर काही काळ तरी खाली बसणे टाळावे लागते. म्हणून घरी उंच खुर्ची आणि शौचालयात कमोडची सोय आधीच करून ठेवावी.