पावसाळ्यातील ओल आणि हवा कोरडी करणारे यंत्र

व्यापारी बंधूंनो, छतातून गळणारे पाणी सर्वांना दिसते. हवेतून माल ओला होतो ते मात्र दिसत नाही. एका पावसाळ्यात आम्ही लग्नसराईतल्या उरलेल्या साड्या प्लास्टिकमध्ये बांधून घरामागच्या खोलीत भिंतीला लावून ठेवल्या. पोळ्याच्या सुमारास गठ्ठे सोडले तर घड्यांवर काळे ठिपके आणि कुबट वास! डांबरगोळ्या भरपूर टाकल्या होत्या. पण डांबरगोळी कसर मारते, ओल शोषत नाही.

कापूस हवेतले पाणी धरतो, हे यवतमाळ जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. सीसीआयच्या खरेदीत 8 टक्के ओलाव्यापुढे भाव कापला जातो आणि 12 टक्क्यांपुढे कापूस घेतला जात नाही. कापडाचेही तसेच. हवेची आर्द्रता 65 टक्के असताना सुती माल आपल्या वजनाच्या सुमारे 7 ते 8 टक्के पाणी धरून असतो. पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. आर्द्रता 70 टक्क्यांपुढे बरेच दिवस राहिली की बुरशी धरते, जरी काळी पडू लागते.

यंत्र काय करते?

डिह्युमिडिफायर पंख्याने हवा आत ओढतो आणि थंड नळ्यांवरून नेतो. थंड पाण्याच्या ग्लासाला बाहेरून घाम येतो, तसे हवेतले पाणी नळ्यांवर जमून टाकीत पडते. कोरडी हवा बाहेर येते, ती थोडी गरम असते. म्हणून हे यंत्र एसीसारखा गारवा देईल ही आशा ठेवू नये.

घेताना काय पाहावे?

आपल्या उष्ण हवेला कॉम्प्रेसरचे यंत्र बरे. दिवसाला इतके लिटर असा आकडा खोक्यावर असतो. पण तो बहुधा 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रतेचा असतो. हवा कोरडी होत गेली की तेच यंत्र बरेच कमी पाणी काढते. म्हणून गरजेपेक्षा थोडे मोठे घ्यावे. आर्द्रता ठरवण्याची सोय, टाकी भरल्यावर आपोआप बंद होणे आणि बाहेर नळी काढण्याची जागा, ही तीन पाहावीत. 300 वॅटचे यंत्र 10 तास चालले तर 3 युनिट वीज जाते. हा हिशेब आधी करावा. हप्त्याने घेताना व्याज लपलेले नाही ना, तेही विचारावे.

आधी हायग्रोमीटर म्हणजे आर्द्रतामापक आणून खोलीत ठेवा. तो स्वस्त असतो, आणि यंत्राची गरज आहे की नाही हे तोच सांगतो. घरात एसी असेल तर त्याच्या ‘ड्राय’ बटणावरही बरेच काम भागते.

वापरताना

दारे-खिडक्या बंद ठेवा. नाहीतर सगळ्या गल्लीची हवा कोरडी करत बसाल. आर्द्रता 50 ते 55 वर ठेवा. आपल्याकडे पाऊस लागला तरी कूलर चालूच असतो. कूलर हवेत पाणी सोडतो, यंत्र ते काढते, आणि बिल आपण भरतो! माल लाकडी पाट्यांवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. पहिले काही दिवस टाकी भराभर भरेल. ते पाणी कापडातून येते. जाळी दर पंधरवड्याला धुवा.

मात्र भिंतीला पाझर किंवा छताला गळती असेल तर आधी गवंडी बोलवा. लहान कपाटाला सिलिका जेल पुरते. कॅल्शियम क्लोराइडच्या डब्या कापडाच्या वर ठेवू नका. त्यात पाणी साचते आणि सांडले तर डाग पडतो.

शेवटी एक गोष्ट. रसूलुल्लाह (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घालतात आणि आतले धान्य ओले लागते, ती हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. तर ओले वर का ठेवले नाही, असे त्याला विचारले गेले. आम्ही त्या साड्या डाग दाखवून कमी भावात विकल्या. नुकसान झाले, पण गिऱ्हाईक टिकले. ओल काढायला यंत्र मिळते, गेलेला विश्वास परत आणायला मिळत नाही.