कळफलकाच्या पोटात : भाग ७ – आचाऱ्यांसाठी एक कळ

गेल्या आठवड्यात आपण कळांची जाळी पाहिली. आडव्या ओळी, उभे रकाने आणि एकेका ओळीत वीज सोडून कुठली कळ दाबली गेली ते हुडकणारा मायक्रोकंट्रोलर. त्या चिपमध्ये अखंड चालू असणारा प्रोग्रॅम म्हणजे फर्मवेअर. आज तो आपल्या हातांनी तयार करून चिपमध्ये भरायचा आहे. ज्या कीबोर्डसाठी हे करायचं, त्याचा माझ्या गावाशी जुना संबंध आहे.

कॅलिफोर्नियातल्या माझ्या फ्रीमाँटच्या दक्षिण टोकाला वॉर्म स्प्रिंग्ज हा भाग आहे. आज त्याचं नाव काढलं की लोकांना टेस्लाचा कारखाना आठवतो. पण १९८४ साली तिथल्या वॉर्म स्प्रिंग्ज बुलेव्हार्डवर ॲपलने मॅकिंटॉश जोडण्याचा कारखाना उघडला होता. माणसांचे हात कमी आणि यंत्रं जास्त, असा तो त्या काळी नवलाचा कारभार होता. दर २७ सेकंदांना एक मॅक तयार होतो, असं तेव्हा अभिमानाने सांगितलं जाई. १९९२ साली तो बंद झाला. त्या काळातलं सामान मात्र इथल्या गराजांमधून अजून बाहेर पडत असतं. अर्व्हिंग्टन भागातल्या एका गराज सेलमध्ये मला पहिल्या मॅकबरोबर येणारा कीबोर्ड मिळाला. मॅक नव्हता, नुसता कीबोर्ड. मॉडेल एम ०११०.

या कीबोर्डला ५८ कळा आहेत. त्यात बाणांच्या कळा नाहीत, एस्केप नाही, कंट्रोलही नाही. हा विसरभोळेपणा नव्हता. लोकांनी माउस हातात धरावा, बाणांनी कर्सर हलवण्याची जुनी सवय सोडावी, हा स्टीव्ह जॉब्स यांचा आग्रह होता. दोन वर्षांनी, १९८६ साली, मॅकिंटॉश प्लसच्या कीबोर्डवर बाण आले. तोवर ज्यांनी मॅक घेतला त्यांच्या बोटांचा निर्णय दुसऱ्याच कुणीतरी घेऊन टाकला होता.

त्या निर्णयाला अपील नव्हतं, कारण कीबोर्डच्या पोटात इंटेलची ८०२१ ही चिप आहे. तिच्यात १ किलोबाइटचा प्रोग्रॅम चिप घडवतानाच सिलिकॉनमध्ये कोरून टाकलेला असतो. कोरलेलं पुसता येत नाही. म्हणून आपण त्या चिपला हातच लावायचा नाही. तिच्या शेजारी एक दुभाषा बसवायचा. तो दुभाषा म्हणजे आपला मायक्रोकंट्रोलर, आणि त्याला शिकवायची भाषा म्हणजे आपला फर्मवेअर.

दुभाष्याला काय ऐकू येतं?

जुन्या कीबोर्डमधून चार तारा निघतात : जमीन (ग्राउंड), ५ व्होल्ट, घड्याळ आणि डेटा. बोलायला सुरुवात संगणक करतो. तो १६ हा आकडा पाठवतो, त्याचा अर्थ ‘काही घडलं का?’ कीबोर्ड पाव सेकंदापर्यंत वाट पाहतो. तेवढ्यात कळ हलली तर तिचा आकडा सांगतो, नाहीतर १२३ म्हणतो, म्हणजे ‘काही नाही’. मग पुन्हा १६. कीबोर्ड संगणकाला जोडलेला असेपर्यंत हा संवाद चालूच राहतो.

ए ही कळ दाबली की १ येतो आणि सोडली की १२९. दोन्हींत फरक १२८ चा, म्हणजे आठ बिटांतल्या सर्वांत वरच्या एका बिटाचा. तो बिट ० असेल तर कळ खाली गेली, १ असेल तर वर आली.

आजच्या संगणकाला यातलं काहीच कळत नाही. त्याला यूएसबीची बोली लागते. तिच्यात ए म्हणजे ४, बी म्हणजे ५ आणि याच क्रमाने डी ७, जे १३. साध्या यूएसबी कीबोर्डचा एक निरोप आठ बाइटांचा असतो. पहिल्या बाइटमध्ये शिफ्ट, कंट्रोल वगैरे, दुसरा मोकळा आणि उरलेल्या सहांत त्या क्षणी दाबलेल्या कळांचे आकडे. दुभाष्याने इकडून १ ऐकायचा आणि तिकडे ४ सांगायचा.

आता या लेखमालेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कीबोर्डला अक्षर येत नाही. त्याला फक्त जागा कळते. तो ‘४’ म्हणतो, म्हणजे ‘ए लिहिलेल्या जागेवरची कळ’, एवढंच. संगणकात इंग्रजी निवडलेली असेल तर पडद्यावर इंग्रजी ए उमटतो. इनस्क्रिप्ट निवडलेला असेल तर त्याच ४ ची ओकाराची मात्रा होते. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली इनस्क्रिप्टची मांडणी ठरवली आणि १९९१ साली ती आयएस १३१९४ या मानकात आली. कुठल्या जागेवर कुठलं मराठी अक्षर, हे तिथे ठरतं आणि संगणक ते पाळतो. फर्मवेअरने ठरवायचं ते एवढंच, की आपलं बोट कुठेही पडलं तरी संगणकाला कुठली जागा कळवायची.

बोर्ड कुठला?

आजकाल नव्या कीबोर्डांत आरपी २०४० ही चिप सर्रास दिसते. स्वस्त आहे, वेगवान आहे. पण तिच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत आणि आपला म्हातारा कीबोर्ड ५ व्होल्टवर बोलतो. ५ व्होल्ट थेट तिच्या पिनेवर आले तर ती जायबंदी होऊ शकते. म्हणून इथे ५ व्होल्टचा प्रो मायक्रो बोर्ड घ्यावा. त्याच्यावरची एटीमेगा ३२यू४ ही चिप १६ मेगाहर्ट्झवर चालते, तिच्यात ३२ किलोबाइट फ्लॅश, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी जागा, आणि अडीच किलोबाइट रॅम आहे. एवढीशी वाटते, पण कोरलेल्या एका किलोबाइटच्या ती बत्तीसपट आहे.

एक इशारा. कीबोर्डचं खाचेचं तोंड टेलिफोनच्या रिसिव्हरच्या वायरसारखंच दिसतं, पण ती वायर इथे लावू नका. रिसिव्हरच्या वायरमध्ये तारा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उलट क्रमाने जातात, त्यामुळे ५ व्होल्ट जिथे जमीन हवी तिथे पोचतात. सरळ तारांची वायर मिळवा आणि जोडण्याआधी मल्टिमीटरने चारही तारा तपासा.

फर्मवेअर बांधणं

हे सगळं शून्यापासून लिहायची गरज नाही. हासू या नावाने काम करणाऱ्या जपानी प्रोग्रॅमरने टीएमके हा कीबोर्ड फर्मवेअर लिहिला आणि जुन्या मॅकच्या कीबोर्डसाठीचा दुभाषाही त्यातच तयार केला. पुढे जॅक हम्बर्ट यांनी टीएमकेवरून क्यूएमके उभा केला. क्यूएमके म्हणजे क्वांटम मेकॅनिकल कीबोर्ड. दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत आणि एम ०११० चा दुभाषा क्यूएमकेतही आहे. आपण त्यातली मांडणीची फाइल बदलायची आणि पुन्हा बांधायचं.

बांधणं म्हणजे कंपाइल करणं. आपल्या लॅपटॉपचा प्रोसेसर आणि ही चिप यांच्या आज्ञा वेगळ्या. म्हणून लॅपटॉपवर बसून या चिपच्या आज्ञांत भाषांतर करणारा कंपायलर लागतो. क्यूएमके बसवताना तोही उतरवला जातो. मग कंपाइलची आज्ञा दिली की शेवटी एक हेक्स फाइल हाती येते. ती साध्या मजकुराची असते. प्रत्येक ओळीत किती बाइट, ते कुठे ठेवायचे, ते बाइट आणि शेवटी ताळ्याचा एक बाइट. ओळीतल्या सगळ्या बाइटांची बेरीज केली की तिचे शेवटचे आठ बिट शून्य यायलाच हवेत. वाटेत एखादा बाइट बिघडला तर हिशोब जुळत नाही आणि चूक तिथेच पकडली जाते.

एक जागा चुकण्यासारखी आहे. बोर्डावर कुठला बूटलोडर आहे ते बिल्डच्या फाइलीत बरोबर लिहा. बूटलोडर म्हणजे फ्लॅशच्या शेवटी बसलेला रखवालदार. नवा फर्मवेअर आत घेणं, एवढंच त्याचं काम. प्रो मायक्रोवरच्या रखवालदाराचं नाव कॅटरिना. तो ४,०९६ बाइट जागा घेतो, म्हणजे आपल्याला २८,६७२ उरतात. नाव चुकलं तर क्यूएमके जागेचा हिशोबही चुकीचा मांडतो.

भरणं

फ्लॅशची आज्ञा द्या. संगणक थांबून बोर्डाची वाट पाहू लागतो. आता बोर्डावरची रीसेट पिन एका छोट्या तारेने जमिनीच्या पिनेला दोनदा झटपट टेकवा. कॅटरिना जागी होते आणि आठ सेकंद दार उघडं ठेवते. तेवढ्या वेळात संगणकाने लिहायला सुरुवात केली पाहिजे. फ्लॅश १२८ बाइटांच्या पानांत लिहिला जातो. लिहून झालं की संगणक सगळी पानं परत वाचून पडताळून पाहतो. हे पडताळणं वगळू नका. सगळं जुळलं की बोर्ड पुन्हा सुरू होतो आणि यूएसबीवर कीबोर्ड म्हणून हजर होतो.

आपली कळ

मग मांडणी. बाण हवे होते, पण जादा कळ कुठून आणायची? उजवी ऑप्शन कळ मोकळी दिसते. पण हा कीबोर्ड डाव्या आणि उजव्या ऑप्शनसाठी एकच आकडा पाठवतो, शिफ्टसाठीही तसंच. त्यामुळे दुभाष्याला दोन्हींतला फरक कळूच शकत नाही. राहिली स्पेसबारच्या उजवीकडची एंटर. मी तिला दोन कामं दिली. टिचकी मारली तर एंटर आणि दाबून धरली तर कीबोर्डचा दुसरा थर, म्हणजे त्याच कळांना दिलेली दुसरी कामं, उघडतो. टिचकी कुठे संपते आणि दाबणं कुठे सुरू होतं, याची क्यूएमकेतली नेहमीची सीमा २०० मिलिसेकंदांची आहे. अंगठा रेंगाळत असेल तर तो आकडा वाढवायचा. दुसऱ्या थरावर चार बाण ठेवले, वरच्या डाव्या कोपऱ्यात एस्केप.

आणि त्याच थरावर, जे च्या जागी, माझी सर्वांत लाडकी कळ आहे.

‘आचार्यांना जेवण वाढलं’ आणि ‘आचाऱ्यांना जेवण वाढलं’. पहिल्या वाक्यात गुरुजी जेवतात, दुसऱ्यात स्वयंपाकी. दर्या आणि दऱ्या यांतही तेच. हा फरक मराठीने जपला आहे आणि तो लिहिण्यात दिसायलाच हवा. इनस्क्रिप्टमध्ये ‘आचाऱ्यांना’मधला अर्धा र लिहायला शिफ्ट धरून जे, मग शिफ्ट सोडून डी. घाईत शिफ्ट निसटते, आणि स्वयंपाक्यांच्या जागी गुरुजी येऊन बसतात. माझ्या फर्मवेअरमध्ये एंटर धरून जे दाबली की दुभाषा स्वतःच शिफ्टसह १३ पाठवतो आणि मागोमाग ७. फर्मवेअरला मराठी येत नाही, तरी मराठीची एक अडचण तो बिनचूक दूर करतो. यासाठी मांडणीच्या फाइलीत मोजून काही ओळी लागल्या.

एटीमेगा ३२यू४ चा फ्लॅश १०,००० वेळा पुसून लिहिता येतो, असं तिच्या माहितीपत्रकात नमूद आहे. पहिल्या मॅकच्या कीबोर्डसाठी हाच आकडा शून्य होता. शून्य आणि दहा हजार यांच्यामधली ही जागा ज्याची बोटं कळांवर आहेत त्याची आहे. कारखान्यातल्या कुणालाही आचारी आणि आचार्य यांतला फरक माहीत असण्याचं कारण नाही. तो आपल्याला माहीत आहे, म्हणून ती कळ आपणच बसवायची.

पुढच्या आठवड्यात : आज बाजूला ठेवलेली आरपी २०४०. तिच्यात फर्मवेअर भरताना फाइल पेन ड्राइव्हवर टाकावी तशी नुसती ओढून टाकता येते. ते कसं जमतं आणि ती चिप फर्मवेअर चुकला तरी कायमची का बिघडत नाही, ते पाहू. तोवर तुमच्या कीबोर्डवरच्या ज्या कळेने तुमचं मराठी अडतं, ती शोधून ठेवा.