न बोलणाऱ्या मुलांची साधने



मुंबईकरांच्या नळाला जे पाणी येते त्यातील पुष्कळसे शहापूर तालुक्यातून येते. तानसेचे धरण १८९२ साली पुरे झाले. भातसेचे पाणी त्यानंतर पुष्कळ वर्षांनी आले. या शहापूर तालुक्यात आणि त्याला लागूनच असलेल्या मुरबाड तालुक्यात ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी अशा लोकांचे गाव-पाडे विखुरलेले आहेत. त्यांपैकी एखाद्या पाड्यातील दहा-अकरा वर्षांची मुलगी क्षणभर डोळ्यांपुढे आणा. तिला तहान लागली आहे. परंतु ‘पाणी’ हा शब्द तिला उच्चारता येत नाही, आणि माठाकडे बोट दाखवावे हेही तिला कोणी शिकविलेले नाही. ती रडू लागते, आपलाच हात चावते. आई तिला भाकरीचा तुकडा देते, मग निजवू पाहते, शेवटी रागे भरते. असा अर्धा तास गेल्यावर कोणाच्या तरी ध्यानात येते की, पोरीला पाणी हवे होते.

ही मुलगी माझ्या कल्पनेतली; तो अर्धा तास मात्र, ज्या घरी असे मूल आहे त्या घराच्या चांगला ओळखीचा असतो, मग ते घर पाड्यावरचे असो की दादरचे.

अशा मुलांना पूर्वी लोक सरसकट वेडी म्हणत. पुढे मतिमंद हा शब्द आला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानंतर बौद्धिक दिव्यांग ही संज्ञा रूढ होत आहे. शब्द सौम्य झाले हे चांगलेच झाले. परंतु नव्या शब्दाने त्या मुलीला पाणी मिळत नाही. गणितात मागे पडणाऱ्या मुलांविषयी मी आज बोलत नाही. ज्यांची बौद्धिक अडचण मोठी आहे, ज्यांना बोलणे फारसे साधत नाही, स्नान-भोजनालाही ज्यांना दुसऱ्याचा हात लागतो, त्यांच्याविषयी आणि त्यांच्या उपयोगी पडणाऱ्या साधनांविषयी मला सांगावयाचे आहे. साधन म्हटले की, आपल्यापुढे एखादे महागडे यंत्र उभे राहते. ते चित्र आधी पुसून टाकावे, ही माझी विनंती.

या साधनांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १८०० सालच्या सुमारास फ्रान्समध्ये आव्हेरों प्रांतातील रानात एक मुलगा सापडला. त्याला बोलता येत नव्हते. इतार नावाच्या तरुण वैद्याने त्याला शिकविण्याचे मनावर घेतले. मुलगा बोलू लागला नाही. पण धातूची सुटी अक्षरे लावून ‘दूध’ या अर्थाचा चार अक्षरांचा फ्रेंच शब्द जुळविण्यास तो शिकला. पुढे एके दिवशी, ज्या घरी त्याला दूध मिळत असे तेथे जाताना, त्याने ती चार अक्षरे आपण होऊन बरोबर नेली आणि तेथील मेजावर मांडून दाखविली. इतारने हा प्रसंग १८०१ च्या आपल्या वृत्तान्तात नोंदविला आहे. आपला शब्द खिशात घालून निघालेला हा मुलगा मला फार महत्त्वाचा वाटतो. शब्द तोंडातूनच निघाला पाहिजे असे नाही. तो हातातूनही निघू शकतो, एवढे त्या दिवशी सिद्ध झाले.

इतारचा शिष्य सेगँ याने अशा मुलांकरिता फळ्यांत बसवावयाचे आकार, हाताळावयाच्या वस्तू यांची एक पद्धतच उभी केली. या दोघांचे ग्रंथ मारिया माँटेसरी यांनी अभ्यासिले आणि १९०० च्या सुमारास रोममध्ये मंदबुद्धी मुलांच्या शाळेत ती साधने वापरून पाहिली. ती मुले इतके शिकली की, मग निरोगी मुलांना शाळेत काय शिकवितात, असा प्रश्न बाईंना पडला. आणि १९०७ साली त्यांचे सुप्रसिद्ध बालगृह निघाले. म्हणजे ज्या रंगीत ठोकळ्यांवर आज शहरातील सुखवस्तू घरांतील मुले खेळतात, त्यांचा उगम ज्यांना जग निरुपयोगी म्हणत होते अशा मुलांच्या शाळेत आहे. हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

हीच परंपरा आपल्या ठाणे जिल्ह्यात आली. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. (हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो.) माँटेसरीची लाकडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. ताराबाईंनी शंख, शिंपले, बिया, पाने, माती यांतून साधने केली. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणावर गेली आणि तिला कुरणशाळा असे नाव पडले. मूळ साधने मंदगती मुलांची, ती सर्व मुलांची झाली आणि आपल्याकडे आल्यावर स्वस्तही झाली. आता ती त्यांच्या मूळ धन्यांकडे, शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरील त्या मुलांकडे, परत पोचली पाहिजेत.

ती कशी पोचवावयाची? आपल्या कल्पनेतील मुलीपासूनच आरंभ करू.

पुष्कळांची समजूत असते की, चित्रे दाखविली म्हणजे झाले. परंतु चित्र ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. कागदावरच्या निळ्या रेघा म्हणजे पाणी, हे ओळखण्यास बुद्धीची एक उडी मारावी लागते. ज्यांना ती उडी साधत नाही त्यांच्याकरिता वस्तूच शब्द होते. पाणी देण्यापूर्वी प्रत्येक वेळी तोच एक पेला मुलीच्या हाती द्यावयाचा. बाहेर जाण्यापूर्वी चप्पल. स्नानापूर्वी पंचाचा तुकडा. पुष्कळ दिवसांनी, कधी महिन्यांनी, असा क्षण येतो की, ती आपण होऊन पेला उचलते व आईपुढे धरते. तो तिचा पहिला शब्द होय. मग त्याच पेल्याचे छायाचित्र, त्यानंतर रेखाचित्र आणि जमले तर अक्षर, अशा पायऱ्या आहेत. काही मुले पहिल्या पायरीवरच राहतात. त्यांनाही पाणी मागता येते.

छायाचित्र घ्यावयाचे ते तिच्या घरातील पेल्याचे, तिच्या दारातील माठाचे. छापील संचात बहुधा काचेचा पेला असतो आणि मेजावर ताट मांडलेले असते. चुलीपुढे जमिनीवर बसून जेवणाऱ्या मुलीला त्याचा अर्थ कसा लागावा? ती चुकली म्हणजे आपण तिच्या बुद्धीला दोष देतो; चूक चित्रकाराची असते.

आणखी दोन पथ्ये. मोठ्या माणसांनी स्वतःही बोलताना त्या वस्तूकडे किंवा चित्राकडे बोट दाखवावे, कारण जी भाषा घरात कोणी वापरीत नाही ती मूल शिकणार कोठून? आणि विचारल्यावर थांबावे. मनातल्या मनात दहा अंक मोजून होईपर्यंत थांबावे. या मुलांचे उत्तर सावकाश येते, आणि आपण बहुधा ते यावयाच्या आतच दुसरा प्रश्न विचारतो. चित्रे दिली तर मूल बोलावयाचे राहील, अशी भीती पालकांना वाटते. पण अभ्यासकांना तसा अनुभव आलेला नाही. उलट काही मुलांच्या बोलण्यात थोडी भरच पडते.

आता यंत्रांकडे वळू. मुंबईच्या आय. आय. टी. मधील औद्योगिक आरेखन केंद्राने ‘जेलो’ नावाचे एक अ‍ॅप तयार केले आहे. ते विनामूल्य असून मराठीतही चालते. पडद्यावर खाणे, माणसे, जागा, खेळ अशा विषयांची चित्रे असतात आणि कडेला आवडते, नको, हो, नाही, आणखी, कमी अशा अर्थांची बटणे. चित्र आणि बटण दाबले की, फोन ते वाक्य मोठ्याने बोलतो. काम उत्तम आहे यात शंका नाही. परंतु पाड्यावर एक अडचण येते, ती विजेची किंवा जाळ्याची असेल असे आपल्याला वाटेल. त्याहून मोठी अडचण अशी की, घरात फोन एकच आणि तो बापाच्या खिशात. बाप सकाळी कामावर गेला की मुलीचा आवाजही त्याच्याबरोबर निघून जातो, तो संध्याकाळी परत येतो. म्हणून यंत्र असले तरी त्याच चित्रांचा एक कागदी तक्ता भिंतीवर असलाच पाहिजे. दुसरी गोष्ट बोलीची. घरात ठाकरी किंवा कातकरी बोली चालत असेल तर फोनची पुस्तकी मराठी परकी वाटते. याहून साधे एक यंत्र मिळते: एक मोठे बटण, त्यात आपल्याच आवाजात एक वाक्य नोंदवून ठेवावयाचे आणि मुलाने ते दाबावयाचे. त्यात आईचा आवाज आणि आईची बोली येऊ शकते. या मुलीकरिता निवड करावयाची झाली तर मी हे बटण प्रथम घेईन.

या तालुक्यांना नव्याचे वावडे आहे असे मात्र कोणी समजू नये. शहापूर तालुक्यातील पाष्टेपाडा येथील जिल्हा परिषदेच्या शाळेत संदीप गुंड या शिक्षकांनी संगणक आणि पडदा वर्गात आणला, तेव्हा ती शाळा पाहण्यास दुरून माणसे येऊ लागली. मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा काढली आणि गुलाबी लुगडी नेसलेल्या वृद्ध स्त्रिया पाटी-दप्तर घेऊन शाळेत गेल्या. ज्या मुलखाने साठी-सत्तरीच्या बायकांना शिकणे अशक्य मानले नाही, त्याला या मुलांचे शिकणे समजावून देणे कठीण जाऊ नये.

बोलण्याइतकेच महत्त्व हातांनी करावयाच्या कामाला आहे. अशा मुलाला सदरा घालावयास शिकवावयाचे, तर त्या कामाचे लहान लहान तुकडे पाडतात: डोके घालणे, एक हात, दुसरा हात, सदरा खाली ओढणे. गंमत अशी की, आरंभ शेवटापासून करतात. बाकी सर्व आईने करावयाचे आणि फक्त शेवटचे खाली ओढणे मुलाने. त्यामुळे रोज काम पुरे होते ते त्याच्या हातून आणि शाबासकीही त्यालाच मिळते. ते साधले की शेवटचे दोन तुकडे त्याचे, मग तीन. आरंभापासून शिकविले तर मूल रोज अर्ध्यावर अडते आणि रोज हरते.

मोठेपणीच्या कामालाही साधन लागते. पावसाळ्यात या भागातील बायका करटोली, शेवळे अशा रानभाज्या बाजारात नेतात. समजा, घरातील अशा तरुण मुलाला भाजीच्या जुड्या बांधावयाच्या आहेत, परंतु मोजणे येत नाही. त्याला बांबूच्या चिपेचे एक कडे करून द्यावे. कड्यात मावेल तेवढी एक जुडी. मोजणीचे काम कड्याने केले. उरलेले काम त्याचे स्वतःचे. पाच-दहा रुपयांचीही ही वस्तू नव्हे, परंतु तिला साहाय्यक साधन हे नाव पूर्णपणे शोभते.

संस्थांविषयी थोडक्यात सांगतो. मुंबईत होरमसजी आणि जय वकील या दांपत्याने आपल्या दीना नावाच्या मुलीकरिता १९४४ साली शाळा काढली, ती आज जय वकील संस्था म्हणून विख्यात आहे. पुण्यात ‘कामायनी’ १९६४ मध्ये निघाली. नाशिकला रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये ‘प्रबोधिनी’ काढली. या सर्व शहरांतील. मुरबाडच्या आतील पाड्यावरून रोज मूल घेऊन कल्याणला जावयाचे, तर आईची मजुरी बुडते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन, तीव्र व बहुविध दिव्यांग मुलांना घरी शिक्षण घेण्याचा पर्याय मिळाला. पर्याय उपकारक आहे. परंतु शिक्षक घरी येत नसेल तर घरचे शिक्षण म्हणजे नुसते घर. कुरणशाळेची आठवण येथे उपयोगी पडावी. २०१६ च्या कायद्याने सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. अठरानंतर काय, याचे उत्तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात थोडेफार आहे: त्याखाली जिल्ह्यात एक स्थानिक समिती असते, ती कायदेशीर पालक नेमू शकते, आणि ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो. पालकांनी या दोन्हींची चौकशी मूल लहान आहे तोच करून ठेवावी.

शेवटची अडचण सर्वांत अवघड आहे. दिवाळी आटोपली की, या तालुक्यांतील पुष्कळ कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मूलही बरोबर जाते. भिंतीवरचा तक्ता भिंतीवरच राहतो. पेला बदलतो, माठ बदलतो, भोवतालची माणसे बदलतात, आणि वर्षभरात कमावलेला एक शब्द हरवतो. अशा कुटुंबांतील शाळकरी मुलांना शाळेतून शिक्षण हमी कार्ड देण्याची पद्धत आहे. या मुलांकरिता त्याला आणखी एक कागद जोडावा, असे मला सुचवावयाचे आहे. त्यावर शिक्षकाने आईला विचारून साध्या भाषेत लिहावे: ही हो कसे म्हणते, नको कसे म्हणते, कशाला भिते, दुखले म्हणजे काय करते, आतापर्यंत काय शिकली, कोठवर मदत लागते. आईला वाचता येत नसेल तर भट्टीवरील कोणीतरी वाचून दाखवील, किंवा तेथील शिक्षक. पेला मात्र घरचाच बरोबर न्यावा. कागदाच्या दोन प्रती कराव्यात, एक शाळेत ठेवावी आणि दुसरी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मुलीच्या कपड्यांच्या गाठोड्यात द्यावी. आणि पहिल्या ओळीत ती पाणी कसे मागते, हे लिहावे.